कोपरा फाटलेलं कूपन

ज्योत्स्ना इंगळे नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूला नऊ वर्षांत कळलं नाही. सून अकोल्याच्या भूमिजा बियाणे कंपनीत जाते, दिवसभर कम्प्युटरपुढे बसते, संध्याकाळी डोळे चोळत घरी येते, एवढंच तिला दिसायचं. शेजारणीनं विचारलंच तर म्हातारी सांगायची, "लोकायच्या शिव्या मोजते." आणि खरं सांगू का, म्हातारीनं नेमकं तेच सांगितलं होतं.

कंपनी दर आठवड्याला बावीस हजार लोकांना इमेल पाठवायची. हरभऱ्याचं नवं वाण, तुरीवरची अळी, सणाची सूट, असं काहीबाही. घेणाऱ्याला वैताग आला की तो फोनवर 'स्पॅम' नावाचं बटण दाबतो आणि मोकळा होतो. इकडे ज्योत्स्नाच्या पडद्यावर त्याचं नाव, गाव आणि वेळ उमटते. हजारामागे अशा तीन तक्रारी झाल्या की बाकी सगळ्यांकडेही कंपनीची मेल थेट कचऱ्यात पडू लागते, मग मालकानं कितीही डोकं आपटलं तरी कोणी वाचत नाही. म्हणून रोज सकाळी आल्याबरोबर तक्रार करणाऱ्याचं नाव यादीतून काढायचं, कायमचं. पुन्हा त्याच्या वाटेला जायचं नाही. ज्योत्स्ना हे फार निगुतीनं करायची. नाव काढण्याआधी ते एकदा तोंडानं वाचायची आणि म्हणायची, "सुखी राहा." ऑफिसातली पोरं हसायची. हसेनात का! ज्याला आपण नको झालो त्याच्याशी वाकड्यात शिरायचं नसतं, हे ती पोस्टमनची मुलगी असल्यामुळे लहानपणीच शिकली होती.

तिचे वडील बुधाजी तायडे धामणगाव रेल्वेपासून बारा किलोमीटरवरच्या झाडगावचे. गावात बुधाजी म्हटलं तर कोणी ओळखणार नाही, बुधाजी पोस्टमन म्हणावं लागतं. झाडगाव आणि कालव्यापलीकडची सावंगी ही त्यांची बीट, टपाल वाटायची हद्द. शाळेला सुट्टी असली की सात वर्षांची ज्योत्स्ना सायकलच्या दांडीवर बसून सोबत जायची. कोणत्या घरानंतर कोणतं घर, कुठं कुत्रं, कुठं चहा, कुठं वाचून दाखवावं लागतं, सगळं तिला पाठ होतं. बुधाजी क्रम मोडत नसत. एखाद्यानं वाटेत हात पुढं केला तरी म्हणत, "तुहं घर येऊ दे, मंग देतो."

आई गेल्यावर ते एकटेच राहायचे. सेवानिवृत्तीला अकरा वर्षं झाली, वय शहात्तर. कंपनी नवी होती तेव्हा मालक सूर्यभानजींनी सगळ्यांना नावं गोळा करून आणायला सांगितलं होतं. ज्योत्स्नानं वडिलांना सांगितलं, आणि या गृहस्थांनी सायकलवर पुन्हा सगळी बीट फिरून सदुसष्ट नावं आणली. "माही पोरगी पाठवते, चांगलंच पाठवन," एवढ्या बोलीवर लोकांनी फोन पुढं केले. बावीस हजारांत तीच सदुसष्ट माणसं अशी होती की नऊ वर्षांत एकाचीही तक्रार नाही.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी ज्योत्स्ना सासूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. तिची नजर न पडता मेल सुटली. मंगळवारी सकाळी तिनं ती उघडली आणि चहाचा कप होता तसाच राहिला.

चित्रं काढणारी आचल अमरावतीची, कामाला हुशार मुलगी. तिनं हरभऱ्याच्या सवलतीचं कूपन जुन्या पिवळट पोस्टकार्डासारखं केलं होतं. मधोमध ज्याला पाठवलं त्याचं नाव, मोठ्या काळ्या अक्षरांत. खाली लिहिलेलं, मुदत रविवार, दुपारी बारापर्यंत, आणि पुढच्या आठवड्यातली तारीख. आणि वरचा उजवा कोपरा फाटलेला.

"कूपन फाडून वापरतात ना ताई," आचल म्हणाली, "म्हणून फाटका कोपरा. छान नाही दिसत?"

तिनं जन्मात पोस्टकार्ड पाहिलं नव्हतं, तिला काय बोलणार? पूर्वी आपल्याकडे कोणाच्या मरणाची, मातीची खबर असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. असं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नसत. दाराबाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडायचं, पाय धुवायचे, मग रडायला घरात जायचं. ज्याला वाचता येत नसेल त्याला पोस्टमननं वाचून दाखवायचं आणि फाडायचंही त्यानंच. आता विचार करा, तसं कार्ड तुमच्या फोनवर आलं, आणि त्यात गेलेल्या माणसाच्या जागी तुमचंच नाव, आणि खाली वार आणि वेळ!

बाप्पा! ज्योत्स्नाचं घर बुद्धाला मानणारं, शकुन-अपशकुनाला वडिलांनी दारातही उभं केलं नव्हतं. तरी तिनं त्या कार्डावरचं स्वतःचं नाव हातानं झाकलं. चाचणीची पहिली मेल तिलाच जायची ना.

बुधवार साधा गेला. गुरुवारी सहा तक्रारी आल्या, सहाही झाडगावच्या. डोमाजी राऊत पहिले, मग त्यांच्या शेजारचे देवराव. तिनं नावं वाचली, सुखी राहा म्हटलं, काढली. शुक्रवारी आठ आल्या. ती एकेक वाचत खाली येत होती, आणि सहाव्या नावाला आली तेव्हा सातवं नाव पडद्यावर दिसण्याआधीच तिच्या तोंडातून निघून गेलं. मग खाली सरकवलं, तर तेच नाव.

तिनं खुर्ची मागं घेतली. गुरुवारची यादी परत काढली, शुक्रवारची तिच्याखाली लावली. पिंपळाच्या पारापासून सुरुवात, मग डोमाजीचं घर, मग चक्की, मग मारुतीमागची गल्ली. एकही घर मागंपुढं नाही. दोन तक्रारींच्या मध्ये कधी चार मिनिटं, कधी सात, म्हणजे माणसाला एका दारातून दुसऱ्या दाराशी जायला लागतात तेवढी. सोमवारी यादी झाडगावातून सावंगीत शिरली. झाडगावचं शेवटचं नाव दहा वाजून पाच मिनिटांनी, सावंगीचं पहिलं पावणेअकराला. मध्ये चाळीस मिनिटं रिकामी होती. कालव्याच्या वाटेनं सावंगीला जायला बाबांना चाळीस मिनिटं लागायची, दांडीवर ती असली की.

कोणीतरी बीट फिरत होतं. भर दिवसा, सायकलवर, घरामागून घर. आणि बाबांची सायकल तर ती नावं आणल्यापासून, नऊ वर्षं, गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. दोन्ही चाकांत हवा नाही, हे तिनं स्वतः मेमध्ये पाहिलं होतं.

तिनं फोन लावला. बुधाजींनी उचलला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"बाबा, आमची ती कार्डवाली मेल तुमाले आली का?"

"आली."

"मंग? दाबलं का बटन?"

"पाहून राह्यलो," ते म्हणाले. आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मंगळवारी सात तक्रारी. बुधवारी तीन. शेवटचं नाव सावंगीच्या नत्थुजी ठाकऱ्यांचं, साडेअकराचं. आणि मग थांबलं. गुरुवार कोरा, शुक्रवार कोरा, शनिवारीही पडदा स्वच्छ. तक्रारी सत्तावन्नवर अडकल्या होत्या आणि सहासष्टला धोक्याची रेघ होती, त्यामुळे सूर्यभानजींनी ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. ज्योत्स्ना मात्र तीच यादी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती, कारण नत्थुजींनंतर कोणाचं घर येतं हे तिला ठाऊक होतं. मैनाबाईचं. आणि त्या घराच्या नावाशी तिच्या मनात एक जुनी दुपार चिकटलेली होती. बाबांनी कालव्याच्या पुलावर सायकल थांबवली होती, खिशातून एक कार्ड काढून त्याचे बारीक तुकडे केले होते, आणि ती दांडीवरून ते पाण्यात वाहताना पाहत होती. "काय होतं बाबा?" असं तिनं विचारलं होतं. "काई नाही, जुना कागद," ते म्हणाले होते. त्या कागदाला एक कोपरा नव्हता.

नऊ वर्षं ती तक्रारी येऊ नयेत म्हणून देव पाण्यात घालायचीच बाकी होती, आणि आता शनिवारी दिवसभर ती एका तक्रारीची वाट पाहत बसली. बुधाजी तायडे, झाडगाव. ते नाव यावं, त्यांनी ते कार्ड फाडावं. नवरा धम्मदीप शाळामास्तर, हिशोबी डोक्याचा माणूस. तो म्हणाला, "तू तिथं जाय. उद्याच रविवार हाय." त्यालाही मुदत आठवत होती हे पाहून ती जास्तच घाबरली.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती धामणगावला उतरली, ऑटो करून झाडगावला गेली. घराला कुलूप. गोठ्यात आढ्याला नुसती दोरी लोंबत होती. शेजारीण म्हणाली, "बुढा सायकल घेऊन रोज जाते वं सावंगीले. जेवत बी नाही नीट. तिथं पुलावर बसून राह्यते, आन वापस येते."

सावंगीच्या वेशीवर ऑटोवाला थांबला आणि पुढं यायला तयार होईना. ज्योत्स्ना पायी आत गेली. ऑक्टोबरचं ऊन, शेतातून सोयाबीनच्या मळणीचा आवाज, पण शेवटच्या गल्लीत माणूस दिसेना. दारं लोटलेली. आणि तिच्या लक्षात आलं की प्रत्येक घराबाहेर फोन ठेवलेला आहे. एक ओट्यावर विटेखाली, एक कुंपणाच्या खांबाला पिशवीत बांधलेला, एक गोठ्याच्या गव्हाणीत. एवढ्यात पिशवीतला फोन वाजायला लागला. वाजत राहिला. दारामागं पावलं आली, थांबली. कोणी बाहेर आलं नाही. तो बंद झाला तसा पुढच्या घराचा वाजायला लागला. ज्योत्स्ना पळत सुटली, एक्केचाळीस वर्षांची बाई, पदराचं भान नाही, ती थेट गल्लीच्या टोकाला, कालव्याच्या पुलापाशी येऊन थांबली.

बुधाजी कठड्यावर बसले होते. अंगात खाकी शर्ट, गळ्यात जुनी पिशवी. दहा दिवसांत निम्मे झाले होते.

"काय करून राह्यले बाबा तुमी?" ती ओरडलीच. "मेले असते तर कोनाले कळलं असतं?"

"वाटप करून राह्यलो," ते शांतपणे म्हणाले. "लोकं घाबरले ना बाई. माह्याजवळ आले. म्हणे पोस्टमन, असं कार्ड घरात ठेवाचं नसते. नावं म्याच देल्ली होती ना त्यायची? मंग फाडाचं बी मलेच होतं. एकेका दारात जातो, बाहेरच वाचतो, हरभऱ्याची सूट हाय म्हणून सांगतो, आन बटन दाबतो."

"अवो, त्या बटनानं माही नोकरी जाईन. नुसतं डिलीट कराचं होतं!"

"डिलीट केलं त थे फोनातच कचऱ्यात पडून राह्यते म्हणे. नातवानं सांगतलं डोमाजीच्या. घराबाहेर गेलं पायजे."

ऊन चढत होतं. तिनं घड्याळ पाहिलं, अकरा वाजून दहा.

"आन तुमचं?"

बुधाजींनी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. पिवळं कार्ड उघडंच होतं. मध्ये त्यांचं नाव.

"माहं नाही फाडत. अपशकुन-बिपशकुन मी मानत नाही, तुले माईत हाय. पण हे कार्ड मी ओळखतो. हे चौतीस वर्सानं वापस आलं."

मग त्यांनी सांगितलं. एक्याण्णव साली अचलपूरहून मैनाबाईच्या नावाचं कार्ड आलं. भाऊ गोवर्धन वारला. बुधाजी दारात गेले तर मैनाबाईच्या मुलीची हळद चाललेली. हळदीनं माखलेली मैनाबाई हसत बाहेर आली आणि म्हणाली, पोस्टमनभाऊ, आज तसं जाऊ देनार नाही. त्या काळात तायड्यांच्या माणसाला लोक ओसरीखाली उभं करून वरूनच पाणी ओतत. तिनं हाताला धरून मांडवात नेलं आणि सगळ्यांच्या पंगतीत पान वाढलं.

"त्या पानावर बसून मी काय सांगू? म्हटलं लगन होऊ दे. लगन झालं. म्हटलं पोरगी सासरी जाऊ दे. तेरवी होऊन गेली. मंग कोन्या तोंडानं देऊ? पुलावर फाडलं. तू होती."

"होती," ज्योत्स्ना म्हणाली.

"दोन वर्सानं तिले बाजारात कोनी सांगतलं. तिले वाटलं भावजयीनं मुद्दाम कळवलं नाही. भावजयीले वाटलं बहीण मातीले बी आली नाही. माहेर तुटलं तिचं. भाऊबीजेले चंद्राले ओवाळते. रोज तिच्या दारावरून गेलो मी तेवीस वर्सं, आन सांगतलं नाही." त्यांनी पुलाखालच्या पाण्याकडे पाहिलं. "आता बीटमंधी तिचंच घर आलं. तिच्या पुढचे आठ घरं फोन बाहेर ठेवून खोळंबले. क्रम मोडता येत नाही, आन तिच्या दारात पाय उचलत नाही. बारा वाजू दे. मंग सुटलो."

ज्योत्स्नाला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदमच. ती नेमकी कशाला भ्याली होती हे आता समोर बसलेलं होतं. हा माणूस मरायला बसला होता, कोणत्याही अपशकुनाशिवाय, नुसता वाट पाहून. तिनं सायकल उचलली. "उठा. आता दांडीवर बसण्याइतकी लहान नाही मी, पायी चला. पन चला."

मैनाबाई दारातच बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत फूल पडलेलं. सायकलची घंटी ऐकून तिनं मान वर केली.

"कोन? पोस्टमनभाऊ का?" ती म्हणाली. "रोज दुपारी घंटी वाजते दारात. थांबते आन निंगून जाते. सुनेले म्हटलं त म्हणते, सासूबाई, पोस्टमन रिटायर झाले कवाचेच, तुमाले भास होते. आज थांबले तुमी."

बुधाजी उंबऱ्याबाहेर उभे राहिले, मातीची खबर देताना उभं राहतात तसे. टोपी काढली. आणि चौतीस वर्षांपूर्वीचं कार्ड त्यांनी शब्दाशब्दानं वाचून दाखवलं. हातात काहीच नव्हतं. "अचलपूर. आपले बंधू गोवर्धन हे अल्पशा आजारानं..." पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "हे मी तुमाले देल्लं नाही, बाई. भावजयीनं धाडलं होतं."

शेजारच्या ओट्यावर फोन वाजला आणि थांबला. मैनाबाईनं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. ज्योत्स्नाला वाटलं, आता ही शाप देईल, आणि दिला तर आपण काय म्हणणार?

"धाडलं होतं तिनं?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय."

"तिनं धाडलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग रडली. चौतीस वर्षांनी भाऊ मेल्यासारखी मोठ्यानं रडली. सून बाहेर धावत आली. रडून झाल्यावर तोंड पुसून तिनं विचारलं, "आन माह्या फोनवर आलं म्हणतात, थे काय हाय?"

"ते हरभऱ्याची सूट हाय," ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिनं स्वतःच त्यावर बटण दाबलं.

"आन तुमाले बी आलं का, पोस्टमनभाऊ?"

बुधाजी म्हणाले, "माहं शेवटी पाहू."

"शेवटी नाही. इकडं द्या." तिनं फोन घेतला. दिसत नव्हतं, तरी फाटक्या कोपऱ्याच्या जागी बोट फिरवत राहिली. "तुमी माहं फाडलं म्हणता. कुठं फाडलं? चौतीस वर्सं घरातच ठेवलं की तुमी. लेकी, कुठं दाबाचं दाखव मले."

ज्योत्स्नानं तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. म्हातारीनं दाबलं, चांगलं जोरात. मग सुनेला म्हणाली, "यायच्या पायावर पानी टाक. आन पान वाढ."

बुधाजी तिथंच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. बाकीची आठ घरं त्यांनी जेवण करून घेतली. तिसऱ्या दारात होते तेव्हा बारा कधीचेच वाजून गेले होते, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी सकाळी ज्योत्स्नानं पडदा उघडला. दहा नावं. सत्तावन्न आणि दहा सदुसष्ट, रेघ ओलांडली. सूर्यभानजी टेबलावर हात आपटून बोलले ते सगळं तिनं ऐकून घेतलं, कारण त्यांचं बरोबर होतं. कोपऱ्यात उभ्या आचलला म्हणाली, "तुले एक पोस्टकार्ड आणून दाखवतो, थांब." मग नावं काढायला बसली. मैनाबाई, सुखी राहा. दुसऱ्या ओळीवर बुधाजी तायडे, झाडगाव, अकरा बावन्न. हीच ओळ यावी म्हणून ती शनिवारभर झुरली होती, पण 'सुखी राहा' म्हणायला ती थांबली. तिनं आधी फोन लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला, आणि तिला सावंगीची ती गल्ली आठवली.

"हां, बोल," बुधाजी म्हणाले. "भाकर खाऊन राह्यलो होतो. हात खरकटा."

"बाबा, तुमचं नाव काढावं लागते आता. तक्रार झाली ना. कायमचं जाते."

"म्हंजे तुहं टपाल मले येनार नाही?"

"नाही."

तिकडून घास चावल्याचा आवाज आला.

"मंग तू येत जाय," ते म्हणाले.